शेजार आणि छप्पर
(महोत्सवी सभेतील भाषण)



आपल्या ट्रस्टने गरजू कुटुंबांसाठी अल्प भाड्याच्या खोल्या बांधाव्यात, असा विचार या महोत्सवानिमित्त पुढे आला आहे. विचार स्तुत्य आहे. मात्र जो भाडेकरू दंगामस्ती करील त्यास त्याच दिवशी बाहेर काढावे, असा नियमही काही मंडळींनी सुचविला आहे. त्यासंबंधी आम्हांस दोन शब्द सांगावयाचे आहेत.

शेजाऱ्याचा त्रास ही लहान गोष्ट नव्हे. रात्री दारू पिऊन शिवीगाळ करणारा एक इसम दहा घरांची झोप आणि मुलांचा अभ्यास बुडवितो. त्यावर इलाज हवाच. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार, शेजाऱ्यांना उपद्रव देणाऱ्या भाडेकरूकडून जागा परत घेता येते. परंतु तेथेही मालकाने स्वतः सामान बाहेर फेकावयाचे नसते. आधी न्यायालयाची खात्री पटवावी लागते.

असे का? कारण आरोप करणे सोपे असते. १९८१ साली मुंबईच्या पदपथांवरील झोपड्या हटविण्याचे ठरले, तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस व काही रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. या लोकांत गुन्हेगारी वृत्ती अधिक असते, असे सरकारपक्षाने सांगितले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने तो आरोप निराधार ठरविला. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पाहण्यांत पदपथावरील शंभरांपैकी ५३ माणसे फेरीसारखा स्वतःचा धंदा करून पोट भरणारी आढळली होती. पदपथ अडविण्याचा हक्क न्यायालयाने कोणास दिला नाही. पण हटविण्यापूर्वी माणसाचे म्हणणे ऐकावे, असा सर्वसाधारण दंडक घालून दिला आणि पावसाळा उलटून ३१ ऑक्टोबर होईपर्यंत झोपड्यांना हात लावू दिला नाही.

दुसरी गोष्ट अशी की, अपराध एकाचा असतो आणि छप्पर सर्वांचे. मुलगा वाया गेला म्हणून म्हातारी आई, सून आणि नातवंडे रस्त्यावर का यावीत? १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती गवई व न्यायमूर्ती विश्वनाथन यांनी, कोणी आरोपी आहे एवढ्यावरून सरकारने त्याचे घर पाडू नये, तसे करणे म्हणजे साऱ्या कुटुंबास शिक्षा होय, असे बजावले. तो निकाल भाडेकरूंविषयी नव्हता, तरी त्यातील तत्त्व आपल्यालाही लागू पडते. शिक्षक म्हणून आम्ही जाणतो की, घर सुटले की गाव सुटते आणि गाव सुटले की मुलाची शाळा सुटते.

म्हणून आमची सूचना अशी. तक्रार लेखी घ्यावी आणि दोन्ही बाजू ऐकाव्यात. वडीलधाऱ्यांनी दोनदा समज द्यावी. दोष एकट्याचा असेल तर खोली त्याच्या आईच्या वा पत्नीच्या नावे करावी आणि त्यास तंबी द्यावी. एवढ्याने भागले नाही, तरच रीतसर नोटीस देऊन कायद्याच्या मार्गाने जावे; तेही भर पावसात किंवा परीक्षेच्या दिवसांत नव्हे.

यास वेळ लागेल आणि शेजाऱ्यांना थोडे सोसावे लागेल, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि पायाचा दगड बसविण्यापूर्वी विश्वस्तांनी हे नियम लिहून ठेवावेत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.