सैनिक कोण, हे कोण ठरवतं?



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने सैन्याविषयी बोलावं याचं काहींना नवल वाटेल. पण वांगणी, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर हा आपला सगळा पट्टा लष्कराच्या सोबतीने वाढला आहे. उल्हासनगर मूळचं दुसऱ्या महायुद्धातलं कल्याण कॅम्प. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासितांनी संसार मांडले आणि १९४९ साली गावाला आजचं नाव मिळालं. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत कित्येक घरांतली माणसं पाळीला गेली.

आणि २७ जुलै २०१९ ची पहाट वांगणीकरांना वेगळी सांगायला नको. उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली. हजारावर प्रवासी डब्यांत आणि भोवती पाणीच पाणी. एनडीआरएफच्या होड्या आल्या, नौदलाचे पाणबुडे आले, हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली, लष्कराच्या तुकड्या निघाल्या, आसपासचे गावकरी धावले. दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर आले, त्यांत नऊ गरोदर स्त्रियाही होत्या. त्या दिवशी गणवेशातल्या माणसाकडून बंदुकीची अपेक्षा नव्हती. होडी डब्याच्या दाराशी घट्ट धरून ठेवायची, घाबरलेल्या बाईला धीर देत खाली उतरवायचं, ही त्याची कामगिरी होती. सैनिकाचं काम किती बदललं आहे, ते आपण आपल्या दारात पाहिलं.

सैन्य आधुनिक होतं म्हणजे काय? आपण लगेच विमानं, तोफा, क्षेपणास्त्रं मोजू लागतो. माझं मत असं की, पहिला बदल माणसांत होतो. सैनिक व्हायचा हक्क कुणाला, या प्रश्नाचं उत्तर बदललं की सैन्य बदलतं. आणि हे उत्तर सैन्य बहुधा आपणहून बदलत नाही. त्याला युद्धाची निकड लागते, आणि बाहेरच्या माणसांचा रेटाही लागतो.

याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार सैनिक मोठ्या संख्येने होते; १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत ते लढले. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’चा सिद्धांत उचलून धरला आणि महारांची भरती बंद केली. ज्यांच्या बापजाद्यांनी पेन्शनी घेतल्या, त्यांच्या मुलांना भरतीच्या रांगेतूनच परत पाठवलं जाऊ लागलं. सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी थेट विलायतेपर्यंत नेली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध सरताच मोडली गेली. केवढी ही कृतघ्नता! शेवटी डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४१ साली संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्यांनी हा प्रश्न लावून धरला, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

पुढचं ऐका. १९४६ मध्ये ही रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली. कालांतराने तिची दारं सगळ्या जातींच्या, सगळ्या प्रांतांच्या जवानांना उघडली. याच रेजिमेंटमधून कारकीर्द सुरू केलेले दोन अधिकारी, जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल के. सुंदरजी, देशाचे लष्करप्रमुख झाले. सैन्याच्या आधुनिकीकरणाचा विचार करणारी १९७५ ची समिती कृष्णरावांच्याच अध्यक्षतेखाली होती. पायदळाने चिलखती गाड्यांतून, रणगाड्यांच्या खांद्याला खांदा लावून लढावं, यासाठी १९७९ मध्ये मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंट उभी राहिली, त्यात सुंदरजींचा मोठा वाटा. जी माणसं लढायला लायक नाहीत असं ठरवलं गेलं, त्यांच्या नावाच्या रेजिमेंटने आधुनिक भारतीय सैन्याला दिशा देणारे दोन सेनापती दिले. ‘लढवय्या जाती’च्या सिद्धांताला याहून सणसणीत उत्तर मला तरी माहीत नाही.

स्त्रियांच्या बाबतीतही वाट तशीच. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्थायी कमिशनचा आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) परीक्षेचा मार्ग मोकळा केला. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून पहिल्या सतरा मुली दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या. त्यांच्यासाठी निवासापासून प्रशिक्षणापर्यंत प्रबोधिनीला नव्याने विचार करावा लागला, आणि त्यात प्रबोधिनीचंच भलं झालं.

आज पायदळाच्या पलटणींत ड्रोन चालवणाऱ्या तुकड्या येत आहेत. २०२२ पासून अग्निपथ योजनेत तरुण चार वर्षांसाठी भरती होतात आणि त्यांतले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम होतात. सैन्य तरुण राहावं हा हेतू मला मान्य आहे. पण पलटण म्हणजे वर्षानुवर्षं एका ताटात जेवलेल्या माणसांचा विश्वास. तो चार वर्षांत किती मुरतो, आणि परत आलेल्या पंचविशीच्या तरुणाला गाव कसं सामावून घेतं, हे प्रश्न फक्त संरक्षण मंत्रालयाचे नाहीत.

इथे साहित्याचा संबंध येतो. मराठीत गड आणि रणं पुष्कळ आली. बराक कमी आली. सुट्टी संपवून स्टेशनवर उभा राहिलेला जवान, त्याची वाट पाहणारी सासू-सून, फॅक्टरीतला फिटर, २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या कंपन्या झाल्यावर धास्तावलेला कामगार, ही माणसं आपल्या कथा-कादंबऱ्यांत शोधावी लागतात. वलंगकरांच्या अर्जासारखे कागद अभ्यासकांपुरतेच राहिले.

म्हणून इथल्या तरुण लेखकांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या आळीतल्या निवृत्त सुभेदाराकडे, फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या काकांकडे, २०१९ च्या पुरात दोर धरून उभ्या राहिलेल्या गावकऱ्यांकडे वही घेऊन जा. ती माणसं आहेत तोवर त्यांचं बोलणं लिहून घ्या. आणि सैन्यात निघालेली एखादी मुलगी ओळखीची असेल, तर तिला सांगा, रोज नाही जमलं तरी आठवड्याला एक पान लिही, आणि मराठीत लिही.