शेडवरचं नाव

(1994 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, सत्काराला उत्तर म्हणून केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलं आहे.)



शाल आणि नारळ मी खाली टेबलावर ठेवलाय. माझं बोलणं झाल्यावर तो मला द्यायचा का नाही ते तुम्हीच ठरवा. हसू नका, खरंच म्हणतोय.

निवेदकांनी माझी ओळख 'दानशूर उद्योजक' अशी करून दिली. आपल्या येडशीत मला कोण काय म्हणतं ते मला ठाऊक आहे. 'प्लॉटिंगवाला'. ते बरोबर आहे. शेतकऱ्याकडून एकरानं जमीन घ्यायची, एनए करायची, रस्ते पाडायचे, दगड रोवायचे आणि चौरस फुटानं विकायची. सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी होणार म्हणल्यावर आपल्या चौकाच्या आसपास जे दर चढले ते तुम्ही पाहिलेत. कुणाला मावेजा मिळाला, कुणी त्यातून बंगला बांधला, कुणी बुलेट घेतली आणि कुणाचं तीन वर्षांत सगळं संपलं. त्या काळात ज्यांनी कमावलं त्यांच्यातला मी एक. लपवण्यासारखं त्यात काही नाही, पण 'दानशूर' म्हणल्यावर मला बसल्या जागी घाम आला.

आधी जुनी गोष्ट सांगतो. 30 सप्टेंबर 1993. आपण दहावीत होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून आपण रात्री उशिरा झोपलो होतो. पहाटे चारच्या आत घर हललं. वडिलांनी आम्हाला अंगणात ओढलं. पत्रे वाजत होते, कुत्री ओरडत होती. दुपारपर्यंत कळलं की किल्लारी, सास्तूर तिकडं गावंच्या गावं गेली. पुढचे कितीतरी दिवस आपण सगळे घराबाहेर झोपत होतो. तिसऱ्या दिवशी सरांनी वर्गात विचारलं, घरून कोण किती भाकरी आणतो? मुलींनी फडक्यात बांधून आणल्या. शाळेच्या व्हरांड्यात भाकरीची थप्पी लागली, वर लाल चटणीचे डबे. एका ट्रकवाल्यानं भाडं न घेता त्या नेल्या. सर ट्रकबरोबर गेले, आल्यावर दोन दिवस काही बोलले नाहीत. सर इथं पुढंच बसलेत, त्यांना आठवत असेल.

त्याच भूकंपानंतर पुण्याचा एक माणूस आपल्या जिल्ह्यात आला होता. तेव्हा मला त्याचा पत्ता नव्हता. शांतिलाल मुथ्था. बीड जिल्ह्यातला, वसतिगृहात राहून शिकलेला. पुण्यात बांधकामाच्या धंद्यात त्यानं नाव आणि पैसा मिळवला आणि ऐन उमेदीत धंदा बाजूला ठेवला. 1985 मध्ये भारतीय जैन संघटना काढली, सामुदायिक विवाह लावले. भूकंपात त्यांची माणसं मदतीला आली आणि परत जाताना लातूर-उस्मानाबादची जवळजवळ 1200 मुलं शिकवायला पुण्याला घेऊन गेली. शेतकऱ्यांची, मजुरांची मुलं. पुढं वाघोलीला त्यांच्यासाठी शाळा आणि वसतिगृह उभं राहिलं.

मला हे कळलं पुण्यात. बारावी नापास होऊन मी एका साइटवर सुपरवायझर म्हणून लागलो. तिथं एक इंजिनिअर होता, माझ्याहून चार वर्षांनी लहान. बोली ऐकून मी विचारलं, गाव कोणतं? म्हणला, सास्तूरकडचा, पण वाघोलीत वाढलो. त्या रात्री त्यानं सगळं सांगितलं. मी त्याला म्हणलं, आम्ही भाकरी पाठवल्या होत्या. तो म्हणला, 'खाल्ल्या असतील आम्ही.' बास, एवढंच.

त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. बिल्डरकडं पैसे असतात असं लोकांना वाटतं, म्हणून लोक त्याच्याकडं चेक मागतात. पण चेक तर सोनार देतो, डॉक्टर देतो, कुणीही देतो. बिल्डरला जे येतं ते वेगळं असतं. पत्रा कुठं स्वस्त मिळतो, मजूर कुठं मुक्कामी ठेवायचे, पावसाच्या आत स्लॅब कशी उरकायची, कोणत्या टेबलावर फाइल अडली आहे. 2001 च्या जानेवारीत गुजरातला भूकंप झाला तेव्हा याच संघटनेनं काही महिन्यांत 368 शाळा उभ्या केल्या. ते नुसत्या पैशाचं काम नाही. 2013 च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात तलावांतला गाळ काढला, तिथंही तेच: पोकलेन किती तास चालतं, डिझेल किती खातं, ट्रॅक्टरची रांग कशी लावायची. धंद्यात शिकलेलं सगळं त्या माणसानं तिथं वापरलं. सगळ्यांना धंदा सोडता येत नाही, मला तर नाहीच येणार, दोन मुलं शिकायला आहेत. पण तो हिशेब मला पटला होता. पटला होता म्हणतोय, पाळला नाही.

आता माझ्याकडं येतो.

2012 मध्ये मी आपल्याच गावात पहिला लेआउट टाकला. चार एकर, म्हणजे 160 गुंठे. त्यात दहा टक्के, 16 गुंठे, खुली जागा म्हणून सोडावी लागते. नकाशात ती हिरव्या रंगात दाखवतात. माझ्या रंगीत कागदावर तिथं घसरगुंडी होती, झोका होता आणि लाल फ्रॉकातली एक मुलगी होती. ते चित्र दाखवून मी प्लॉट विकले. इथं बसलेल्यांपैकी सहा जणांनी घेतले. वर्गमित्राकडून घेतोय म्हणून कुणी कागद नीट वाचला नाही, आणि मी वाचून दाखवला नाही.

ती जागा ग्रामपंचायतीच्या ताब्यात द्यायची होती. दिली नाही. आधी तिथं माझे सिमेंटचे पाइप पडून होते. 2016 मध्ये रस्त्याचं काम सुरू झालं, शेजारी ढाबा आला आणि ढाबेवाल्याला ट्रक लावायला जागा हवी होती. महिना 6 हजार भाड्यानं मी ती दिली. म्हणजे जी जागा माझी नव्हतीच, तिचं भाडं मी खाल्लं.

2018 मध्ये मी शाळेला पत्र्याचं शेड दिलं. मुलं पावसात जेवतात म्हणून मुख्याध्यापकांचा फोन आला होता. खर्च 3 लाख 40 हजार. उद्घाटन झालं, फोटो निघाले, वर्तमानपत्रात आलं. शेडवर माझ्या फर्मचं नाव चार फुटांच्या अक्षरात. खरं सांगू का, त्या नावामुळं माझे पुढच्या लेआउटचे प्लॉट लवकर गेले. गिऱ्हाईक म्हणायचं, शाळेला देणारा माणूस आहे, फसवणार नाही.

गेल्या वर्षी श्रावणात मी रामलिंगाला गेलो होतो. घाटात गर्दी, माकडं, सगळं नेहमीसारखं. दर्शन घेऊन पायऱ्या चढून वर आलो तर एका मावशींनी हाक मारली. माझ्या लेआउटमधल्या. यजमान एसटीत कंडक्टर होते, निवृत्तीच्या पैशातून प्लॉट घेतला, घर बांधलं आणि दोन वर्षांत वारले. मावशी भांडल्या नाहीत. म्हणल्या, 'भाऊ, नातीला शाळेत सोडायला जाते, शेडवरचं तुमचं नाव रोज वाचते. आमच्या बागेवरचं कधी वाचायचं?'

घरी येऊन मी हिशेब मांडला. सात वर्षांचं भाडं, 84 महिने, 5 लाख 4 हजार. शेड 3 लाख 40 हजार. म्हणजे शाळेला देऊनसुद्धा माझ्याकडं 1 लाख 64 हजार शिल्लक. ते शेड मी दिलंच नाही. त्या लेआउटमधल्या लोकांनी दिलं, न विचारता. नाव मात्र माझं.

मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकामाला द्यावे लागतात, 2014 पासून तसा कायदा लागू आहे. आमच्यासारख्या गावातल्या प्लॉटवाल्याला तो लागत नाही, तेवढा आमचा पसारा नसतो. आम्हाला खुल्या जागेचा नियम लागतो. तो पाळला की कुणी शाल देत नाही. गणपतीला 11 हजार दिले, जत्रेत कुस्तीला बक्षीस ठेवलं की माइकवरून नाव घेतात. म्हणून आमच्यातले बरेच जण नियम मोडून बक्षीस देतात. मी तेच केलं. आता कुणी म्हणेल, अरे पण शेड तर झालं ना, मुलं कोरड्यात जेवतात ना? जेवतात. ते खोटं नाही. मलाही ते बघून बरं वाटतं, म्हणूनच जास्त त्रास होतो.

ढाबेवाल्याला मी दिवाळीनंतर जागा सोडायला सांगितली. त्यानं दोन महिने मागितले आणि शब्द पाळला. तो माझ्यापेक्षा बरा निघाला, जाताना म्हणला झाडांना पाणी माझ्या बोअरचं घ्या. ताबा पावतीचा मसुदा तयार आहे, तो इथं खिशात आहे. ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत ती नोंद झाल्याशिवाय माझ्यावर विश्वास ठेवू नका. राहिलेले 1 लाख 64 हजार त्या जागेच्या कुंपणाला आणि लिंबाच्या रोपांना लागतील, कमी पडले तर वरचे माझे.

आता तुमच्या समितीचा प्रस्ताव. सुवर्ण... नाही, तीस वर्षांनिमित्त शाळेत सभागृह बांधायचं, मी पाच लाख द्यायचे आणि सभागृहाला माझ्या वडिलांचं नाव द्यायचं. वडिलांचं नाव निघालं तेव्हा माझा गळा भरून आला होता, हे कबूल करतो. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात सालगडी म्हणून काम केलं, त्यांच्या नावाची पाटी कुठंच नाही. तरीपण नको. या पैशावर तर नकोच.

त्याऐवजी मला जे येतं ते मागा. सभागृहाचं इस्टिमेट मी पाहिलंय, गुत्तेदारानं स्टील दीडपट धरलंय. ते मी कमी करून देतो, आणि बांधकाम चालू असेपर्यंत रोज सकाळी सातला मी स्वतः साइटवर उभा राहतो. एक रुपया घेणार नाही आणि पाटीही लावणार नाही. दुसरं म्हणजे, येत्या उन्हाळ्यात माझं पोकलेन तीन आठवडे रिकामं आहे. सरकारची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना 2017 पासून आहे, आपल्या शिवारात तलावही आहे. गाळ शेतकऱ्यांनी आपल्या ट्रॅक्टरनं न्यायचा. डिझेलचं कसं करायचं ते संध्याकाळी जेवताना बसून ठरवू. आणि शेडवरचं माझ्या फर्मचं नाव मुख्याध्यापकांनी या सुट्टीत पुसून टाकावं. रंग मी पाठवतो.

शेवटचं एक. ज्या सहा जणांनी माझ्याकडून प्लॉट घेतले त्यांनी आणि त्या मावशींनी रविवारी सकाळी आठला लेआउटवर यायचंय. सोळा गुंठ्यांच्या चारी कोपऱ्यांना दगड रोवायचेत. येताना मोजायची टेप तुमच्यापैकी कुणीतरी आणा. माझी नको.