तीन सारखी रीडिंग्ज

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली की रसायनशास्त्राच्या मुलामुलींच्या बोलण्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘अ‍ॅनालिटिकल तीनदा वाचून झालंय.’ हा पेपर मार्क देणारा समजला जातो. तत्त्व, उपकरणाची आकृती, फायदे, तोटे, उपयोग असा त्याचा ठरलेला साचा आहे आणि साचा म्हटला की पाठांतर आलंच. मला आज या ‘तीनदा वाचून झालंय’बद्दलच बोलायचं आहे. वैश्लेषिक रसायनशास्त्राचा सगळा प्रपंच ‘हाती आलेला आकडा कितपत खरा?’ या एका प्रश्नासाठी मांडलेला आहे. आणि हाच विषय शिकताना ‘मला येतं’ हा स्वतःबद्दलचा निष्कर्ष आपण जराही न तपासता मान्य करतो, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

प्रयोगशाळेत आपण काय करतो ते आधी आठवून पाहा. ब्युरेट भरायची, पायलट रीडिंग घ्यायचं, मग नीट थेंबाथेंबाने तीन रीडिंग्ज. तिन्ही सारखी आली की तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, लिहायचं आणि हुश्श करायचं. पण समजा, ईडीटीएच्या बाटलीवर ०.०१ मोलर अशी चिठ्ठी आहे आणि आतलं द्रावण खरं तर ०.००९ मोलर आहे. तरीही तिन्ही रीडिंग्ज सारखीच येतील. दहा घेतली तर दहाही सारखी येतील. आणि त्यांवरून काढलेलं उत्तर प्रत्येक वेळी सुमारे ११ टक्क्यांनी जास्त येईल. पद्धतशीर त्रुटी म्हणतात ती हीच. यादृच्छिक त्रुटी पुन्हा पुन्हा मोजून कमी होते, पण पद्धतशीर त्रुटी पुनरावृत्तीने हलत नाही, उलट सारख्या आलेल्या आकड्यांच्या आड ती लपून बसते. तिला पकडायचं तर बाहेरचं काहीतरी लागतं: ज्याचं उत्तर आधीच पक्कं ठाऊक आहे असा नमुना, एखादं प्राथमिक प्रमाण द्रावण. आता रीडिंग हा शब्द पुस्तकालाही लावून पाहा. वहीचं पहिलं वाचन, दुसरं वाचन, तिसरं वाचन. दुसऱ्या वेळी ओळी ओळखीच्या वाटतात, तिसऱ्या वेळी तर पुढचं वाक्य डोळ्यांच्या आधी मनात येतं. तिन्ही वेळा ‘समजलं’ हेच उत्तर मिळतं. पण हे रीडिंग ज्या ब्युरेटवर घेतलं, ती तपासली कुणी? पाहिलेलं ओळखणं आणि न पाहता आठवणं या दोन वेगळ्या क्षमता आहेत. उजळणी पहिली मोजते, परीक्षा दुसरी मागते.

हे नुसतं उपमेचं बोलणं नाही. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोएडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा पुन्हा पुन्हा, म्हणजे चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एका सत्रात वाचला आणि पुढच्या तीन वेळा कोऱ्या कागदावर आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना सुमारे ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने चित्र उलटलं. वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले, लिहिणारे ६१ वर टिकले. मला यात सर्वांत बोलका भाग वेगळाच वाटतो. आपल्याला पुढे किती आठवेल, याचा अंदाज विचारला होता, तेव्हा वाचणाऱ्यांचा आत्मविश्वास जास्त होता. म्हणजे उपकरण चुकीचं होतंच, वर ते छातीठोकपणे चुकीचं सांगत होतं.

यावर रास्त शंका येईल की उतारा पाठ करणं वेगळं आणि रसायनशास्त्राची गणितं वेगळी. शंका बरोबर आहे, म्हणून गणिताकडेच जाऊ. रोहरर आणि टेलर यांनी २००७ साली चार वेगवेगळ्या घनाकृतींची घनफळं काढण्याचा सराव विद्यार्थ्यांना दिला. काहींनी एका प्रकारची सगळी गणितं संपवून मग दुसरा प्रकार घेतला, काहींना चारही प्रकार सरमिसळ करून दिले. सराव चालू असताना ओळीने सोडवणाऱ्यांची ८९ टक्के गणितं बरोबर येत होती, सरमिसळवाल्यांची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत ओळीने सोडवणारे २० टक्क्यांवर आले आणि सरमिसळवाले ६३ वर राहिले. सराव करताना आलेलं यश हे पुन्हा एक फसवं रीडिंग ठरलं.

वैश्लेषिक रसायनशास्त्राला ही सरमिसळ इतर विषयांपेक्षा जास्त का लागते, ते पाहण्यासारखं आहे. या विषयातली आकडेमोड तशी शाळकरी आहे, गुणाकार, भागाकार आणि थोडे लॉग. अवघड असतं ते कोणता गुणोत्तर-संबंध लावायचा हे ठरवणं. ईडीटीए धातूच्या आयनाशी एकास एक जोडला जातो, मग तो कॅल्शियम असो की झिंक. परमँगनेटचा एक आयन मात्र आम्लात पाच फेरस आयनांना पुरतो, आणि ऑक्झॅलिक आम्लाशी त्याचं नातं दोनास पाच असं आहे. ईडीटीएच्या प्रकरणाखालची पंधरा गणितं ओळीने सोडवणाऱ्याला ‘गुणोत्तर काय?’ हा प्रश्न एकदाही पडत नाही, कारण उत्तर प्रकरणाच्या नावातच असतं. प्रश्नपत्रिकेवर प्रकरणाचं नाव छापलेलं नसतं.

एक गणित जवळून पाहू. विहिरीच्या ५० मिलिलिटर पाण्याला ०.०१ मोलर ईडीटीए १२.४ मिलिलिटर लागलं, तर पाण्याची एकूण कठीणता किती? कॅल्क्युलेटर हातात घेण्यापूर्वी अंदाज बांधायचा. ०.०१ मोलर ईडीटीएचा एक मिलिलिटर म्हणजे साधारण एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे ५० मिलिलिटर पाण्यात बारा-साडेबारा मिलिग्रॅम, आणि लिटरमध्ये त्याच्या वीसपट, म्हणजे अडीचशेच्या आसपास. आता रेणुभार १००.०९ धरून कॅल्क्युलेटर चालवला की पडद्यावर २४८.२२३२ येतं. पुष्कळ मुलं हे सगळेच्या सगळे अंक उत्तरपत्रिकेवर उतरवतात. पण ब्युरेटचं रीडिंग तीन सार्थ अंकांचं आहे, त्यामुळे उत्तरही २४८ मिलिग्रॅम प्रतिलिटर एवढंच. पुढचे चार अंक पाण्यातून आलेले नाहीत, यंत्रातून आलेले आहेत. आणि ज्याने हजाराने गुणायचं विसरून ०.२४८ लिहिलं, त्याला अंदाज बांधायची सवय असती तर तिथल्या तिथे खटकलं असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणतेची स्वीकार्य मर्यादा २०० आणि दुसरा स्रोत नसेल तर कमाल ६०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, हे ठाऊक असेल तर २४८ हा आकडा ओळखीचा वाटतो, आणि ०.२४८ म्हणजे विहिरीत ऊर्ध्वपातित पाणी भरलं होतं की काय, असा प्रश्न पडतो. असंच दुसरं जुनं फसवं गणित १० चा उणे आठवा घात मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या पीएचचं. सूत्रात आकडा घातला की ८ येतात. आम्ल पाण्यात टाकून पाणी आम्लारिधर्मी कसं होईल? पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन हिशेबात धरले की खरं उत्तर ६.९८ येतं. हे गणित सोडवलेलं वाचताना पटकन पटतं. कोऱ्या कागदावर बसल्यावर निम्म्या जणांनी ८ लिहिले तरी मला नवल वाटणार नाही.

आता सर्वांत व्यवहारी आक्षेप. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, आयएमपी, म्हणजे महत्त्वाचे प्रश्न, काढून पाठ केले की पास होता येतं, मग एवढा खटाटोप कशाला? प्रश्न फिरून येतात हे खरंच आहे आणि व्याख्या-फायदे-तोटे या भागापुरता आयएमपीचा उपयोग होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गणितात आकडे बदलतात, कधी नमुना बदलतो, कधी उलटीकडून विचारतात. आणि मुळात जुनी प्रश्नपत्रिका आणि आयएमपीची यादी हा एकच कागद आहे. गाइड शेजारी उघडं ठेवून तो वाचला तर ती उजळणी होते. गाइड दुसऱ्या खोलीत ठेवून, घड्याळ लावून सोडवला तर तीच चाचणी होते. जास्तीची मेहनत फारशी लागत नाही, आपल्याला येत नाही हे पाहण्याची तयारी तेवढी लागते, आणि ती मात्र जड जाते.

दुसरा आक्षेप भाषेचा आहे आणि तो बारावीपर्यंत मराठीतून शिकून आलेल्यांना विशेष लागू आहे. पेपर इंग्रजीत लिहायचा, वाक्य चुकायला नको, म्हणून पाठच करावं लागतं, असं ही मुलं म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे. पण पाठ केलेल्या वाक्यामागे अर्थ आहे की नाही, याची चाचणी मराठीतच सोपी होते. कठीणतेच्या टायट्रेशनला पीएच १० चं अमोनिया बफर कशाला लागतं, हे घरातल्या भाषेत सांगून पाहा. आम्लात ईडीटीएच्या हातांना हायड्रोजन चिकटून बसतो, मग कॅल्शियमला धरायला हात मोकळे राहत नाहीत. उलट पीएच फार वर नेला तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड खाली बसतं. आणि एरिओक्रोम ब्लॅक टीचा लालसर जांभळ्याचा निळा होणारा रंगही याच टापूत स्वच्छ दिसतो. एवढं मराठीत सांगता आलं तर इंग्रजीतली तीन वाक्यं पाठ न करता जुळवता येतात, थोडी मोडकी असली तरी. मराठीत सांगता आलं नाही, तर इंग्रजीतली पाठ वाक्यं म्हणजे चिठ्ठी लावलेली रिकामी बाटली.

स्वतःची चाचणी घ्यायची ठरवली तरी एका चाचणीवर विसंबायचं नाही, हेही याच विषयाने शिकवलेलं आहे. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली मोजक्या मापनांवरून कितपत ठाम बोलता येतं, याचं गणित मांडलं, आणि ते ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापलं. आपल्या अभ्यासक्रमातली टी-चाचणी ती हीच. समजा तीन जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या आणि शंभरपैकी ४८, ५५ आणि ६२ गुण पडले. सरासरी ५५, प्रमाण विचलन ७. तीन मापनांसाठी ९५ टक्के विश्वासपातळीला टीची किंमत ४.३०३ येते. तिला सातने गुणून तीनच्या वर्गमुळाने भागलं की सुमारे १७ मिळतात. म्हणजे आपली खरी सरासरी ३८ ते ७२ मध्ये कुठेतरी आहे, एवढंच म्हणता येतं. पहिल्या पेपरात ४८ पडले म्हणून रडत बसणं आणि तिसऱ्यात ६२ पडले म्हणून निश्चिंत होणं, दोन्हीला आधार नाही. बरं, हे गणित करता करता सांख्यिकीचं प्रकरणही आपसूक होऊन जातं. गुणांपेक्षा जास्त कामाची गोष्ट म्हणजे कुठे चुकलं याची नोंद. तीन पेपरांत एकच चूक तीनदा दिसली, म्हणजे समजा प्रत्येक वेळी विरल केलेल्या द्रावणाचा गुणक विसरला गेला, तर ती निष्काळजीपणाची यादृच्छिक चूक नव्हे. ती पद्धतशीर आहे आणि तिचं कारण शोधून दुरुस्त करता येतं.

राहिला वेळेचा प्रश्न. हे सगळं दोन महिने आधी सुरू केलं तर ठीक, पंधरा दिवसच उरलेल्याने काय करावं? त्यानेही वहीचं तिसरं वाचन सोडून द्यावं आणि तो वेळ बंद वहीला द्यावा, एवढाच बदल. आणि आदल्या रात्रीच्या वाचनाला मी सरसकट नावं ठेवणार नाही. त्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांच्या अंतराने वाचणारेच पुढे होते, हे विसरून चालणार नाही. जे थोडा वेळच डोक्यात धरायचं आहे, त्याला शेवटचं वाचन उपयोगी पडतं. मिथिल ऑरेंजचा पल्ला ३.१ ते ४.४, फेनॉल्फ्थॅलीनचा ८.३ ते १०, नेर्न्स्टच्या समीकरणातला ०.०५९२, व्हॅन डीम्टरच्या समीकरणातल्या ए, बी आणि सी या तीन पदांचे अर्थ, असलं सगळं एका पानावर काढून सकाळी एसटीत बसल्या बसल्या वाचावं. बफरचं गणित मात्र त्या पानावर घेऊ नये. ते आदल्या आठवड्यात दोन-चारदा चुकवून झालेलं असावं.