मसुदा दिल्लीत, शाळू शिवारात

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राच्या कृषी मंत्रालयाने नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा इंटरनेटवर टाकला आणि सांगितलं, 11 डिसेंबरपर्यंत सूचना ई-मेलने पाठवा. त्या महिन्यात आपण कुठं होतो? माण-खटावात, जत-आटपाडीत शाळू पोटरीत होता. कापूसवाल्यांची वेचणी चालू होती. मुदत आली आणि गेली. आपल्यातल्या किती जणांना पत्ता लागला?

1966 च्या बियाणे कायद्याची जागा घेणारा हा मसुदा. घरचं बी राखावं, पेरावं, द्यावं-घ्यावं, विकावंही, फक्त ब्रँडच्या नावाखाली विकू नये, अशी त्यात तरतूद होती. पण पिशवीतलं बी उगवलंच नाही तर भरपाई कोण देणार, किती दिवसांत? यावर पहिला बोलायचा हक्क ज्याचं रान ओस पडतं त्याचा.

खुद्द केंद्राचं 2014 चं धोरण सांगतं, कायद्याचा मसुदा निदान 30 दिवस लोकांपुढे ठेवा, सोप्या भाषेत टिपण द्या, आलेल्या सूचनांचा गोषवारा जाहीर करा. पण हे धोरण आहे, कायदा नव्हे. 2020 मध्ये पर्यावरण परिणामांच्या अधिसूचनेचा मसुदा आला, तेव्हा तो 22 भाषांत द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं! आपल्या भाषेत विचारा, एवढंच मागणं होतं.

आमचं यंत्राशी वैर नाही. 1998 मध्ये वारणा खोऱ्यात, कोल्हापूर-सांगलीच्या सुमारे 70 गावांसाठी संगणक केंद्रांची योजना आली. उसाच्या नोंदी गावात मिळू लागल्या, सोय झाली. पण ती माहिती द्यायची सोय होती, मत घ्यायची नव्हे. आम्हीही शेतकीची पदवी घेऊन गावात आलो ते सांगायलाच. विचारायला शिकलो ते फार उशिरा, बांधावर बसून.

म्हणून मागणी सरळ आहे. शेतीच्या कायद्याचा मसुदा मराठीत हवा. तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा, ग्रामसभेत वाचला जावा, आणि सुगीचे दिवस सोडून मुदत मिळावी. 73 व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा दिली. तिचा ठराव ही शेतकऱ्याची सूचना म्हणून नोंदली गेली पाहिजे. कुणाची कोणती सूचना घेतली, कोणती टाकली, का टाकली, याचं उत्तर गावाला मिळालं पाहिजे.

आणि आपण काय करायचं? मागणी मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचं नाही. गावातलं एक शिकलेलं पोर किंवा पोरगी नेमा. मसुदा आला की तिनं तो देवळात मोठ्यानं वाचायचा. बाया-माणसांनी बोलायचं, ग्रामसभेत ठराव करायचा. तो ई-मेलनं पाठवायचा आणि स्पीड पोस्टानंही. पोचपावती जपून ठेवायची. उद्या कुणी म्हणालं, शेतकऱ्यांनी काही कळवलंच नाही, तर ती पावती त्याच्यापुढं ठेवता आली पाहिजे.