शस्त्रक्रियेतील श्वास
(वार्षिक सभेत रुग्णालय व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



शस्त्रक्रियागृह पाहावयास येणारे देणगीदार प्रथम व्हेंटिलेटरची किंमत विचारतात. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. किंमत सांगणे आम्हांस सोपे. यंत्राचे काम मात्र भूलतज्ज्ञांकडून शिकावे लागले.

१९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओच्या साथीत डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रबरी पिशवी दाबून रुग्णांना श्वास दिला. तेच काम आज यंत्र करते. पूर्ण भूल देताना स्नायू शिथिल केले जातात, श्वासपटल वर सरकते आणि फुफ्फुसाचा पाठीकडील भाग काही मिनिटांतच मिटू लागतो. तो उघडावा म्हणून पूर्वी मोठे श्वास देत. परंतु अती ताणानेही फुफ्फुसास इजा होते.

येथे हिशेबाचा प्रश्न येतो, आणि तो आम्हांस फार भावला. फुफ्फुसाचा आकार वजनावर नव्हे, उंचीवर ठरतो. समजा, एका भगिनीची उंची १५० सेंमी व वजन ७५ किलो आहे. वजनास १० मिली धरल्यास एक श्वास ७५० मिलीचा होतो. उंचीनुसार अपेक्षित वजन सुमारे ४३ किलो. किलोमागे ७ मिली धरल्यास श्वास सुमारे ३०० मिली. फरक अडीचपट!

फ्रान्समध्ये पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या ४०० रुग्णांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. लहान श्वास, सोबत श्वास सोडतानाही राखलेला थोडा दाब व अधूनमधून फुफ्फुस फुलविणे, अशी रीत वापरलेल्या गटात पहिल्या सात दिवसांतील गंभीर गुंतागुंत १०.५ टक्के, तर मोठ्या श्वासांच्या गटात २७.५ टक्के आढळली. २०२० च्या ऑस्ट्रेलियातील पाहणीत मात्र दोन्ही गटांस सारखा दाब दिल्यावर केवळ श्वास लहान केल्याने फरक दिसला नाही. नुसता एक आकडा बदलून भागत नाही, हे त्यावरून आम्ही समजलो.

जळगाव-धुळे परिसरातील रुग्णांत विडी ओढणारे आहेत, चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या माता-भगिनी आहेत, जिनिंगमधील कापसाच्या धुळीत राबलेले आहेत. यांची फुफ्फुसे आधीच थकलेली. शस्त्रक्रियेनंतर टाके दुखतात, म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. नातेवाईकही मायेने म्हणतात, "पडू द्या हो, झोपू द्या." कफ साचतो तो नेमका याच वेळी. डॉक्टरांनी अनुमती देताच रुग्णास उठवून बसविणे, पोटावर उशी धरून खोकावयास लावणे, चार पावले चालविणे, यास फिजिओथेरपिस्ट लागतो व घरच्या माणसाचे सहकार्यही.

व्हेंटिलेटरवर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. फिजिओथेरपिस्टच्या पगारावर ती कोठे लावावी? अंदाजपत्रकात या पदासाठी वाढीव तरतूद सुचविली आहे. विश्वस्त मंडळाने ती आजच्या सभेत मंजूर करावी, अशी विनंती.