आपला हिशेब आपली पोरं लिहितील

(दहावी-बारावीच्या मुलामुलींच्या शिबिरात केलेले भाषण. बोलले तसेच ठेवले आहे, थोडे नीट करून.)



पाटील, भूमिया, इलाख्यातून पायी आलेल्या मायबहिणींनो आणि मागे बसून हसणाऱ्या पोट्ट्यांनो,

मी शिकले कॉमर्स. हौस म्हणून नाही. आश्रमशाळा दहावीला संपली, तालुक्याला गेले तर आर्ट्सच्या जागा भरलेल्या. बाबूने सांगितलं, कॉमर्स घे नाहीतर घरी जा. बाबा म्हणाला, "कॉमर्स म्हणजे काय वो?" मी म्हटलं, "दुकानदाराचं शिक्षण." बाबा म्हणाला, "आपलं कुठं दुकान आहे?"

पुस्तकातही तसंच होतं. अमक्याचं कापडाचं दुकान, तमक्याने उधारीवर माल घेतला. ज्याच्याकडून येणं आहे तो ऋणको, असं मास्तरांनी शिकवलं तेव्हा मला समजलं, माझा आजा जन्मभर ऋणको होता. सावकाराच्या वहीत त्याचं नाव होतं, आपल्या घरात मात्र वहीच नव्हती. मग सावकार म्हणेल तो आकडा.

दुसरा एक विषय होता, चिटणिसाची कार्यपद्धती. सभेची नोटीस कशी काढायची, विषयपत्रिका, कोरम, इतिवृत्त कसं लिहायचं. सगळं कंपनीसाठी. मी पाठ केलं आणि विसरले. आठवलं कधी, तर गावचे दावे परत आले तेव्हा.

वनहक्काचा कायदा 2006 चा. 2012 ला त्याच्या नियमांत दुरुस्ती झाली. त्यात लिहिलं आहे, ग्रामसभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत, आणि दाव्यांचा ठराव घ्यायचा तर निम्मे दावेदार. आमच्या सभेला अख्खा गाव होता, बाया तर माणसांपेक्षा जास्त. पण रजिस्टरात काय होतं? चाळीस अंगठे, आणि खाली एक ओळ, "सर्वानुमते मंजूर". बाया किती, दावेदार किती, कुठेच नाही. कागद परत. जमीन तीन पिढ्यांपासून कसतो आपण, आणि अडकलो एका पानावर. निर्णय पटला नाही तर उपविभागीय समितीकडे 60 दिवसांत अर्ज करता येतो, हेही आम्हाला दिवस निघून जात आले तेव्हा कळलं. कशीबशी धावपळ करून अर्ज टाकला. म्हणून म्हणते, हा कंपनीचा विषय नाही, आपला आहे.

आता तेंदूपत्त्याचं. कायद्याने गौण वनोपज आपलं आहे, बांबू आणि तेंदू त्यात आले. मेंढा (लेखा) गावाला 2009 ला सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, 2011 ला बांबूच्या वाहतुकीचा परवाना त्यांच्या ग्रामसभेच्या हातात आला. तिथे हिशेब ग्रामसभा ठेवते, सभेत सगळ्यांसमोर वाचते. कोणी अंगठेबहाद्दर असला तरी उठून विचारतो.

आणि आमच्याकडे? मागच्या हंगामात आम्ही ठेकेदाराशी करारनामा केला. छापील कागद, तीन पानं. भाव तेवढा वाचला, टाळ्या वाजवल्या. माल गोदामातून उचलल्यावर रॉयल्टी मिळेल, असं आत बारीक अक्षरात होतं. त्याने माल लवकर उचलला नाही, पैसा तिथेच थांबला. चूक त्याची आहेच. पण मीसुद्धा तिथे होते, बारावी पास, आणि मीसुद्धा भावच बघितला. हे लपवत नाही.

फळीवर तर रोजचं नुकसान. पोट्ट्यांनो, आता मागचं हसणं बंद करा आणि गणित करा. एका पुडक्यात 70 पानं. 1,000 पुडक्यांची एक गोणी. गावात 60 घरं. दिवाणजी घरामागे रोज पाच पुडकी "खराब" म्हणून बाजूला टाकतो. हंगाम दहा दिवस. किती झालं? तीन हजार पुडकी. तीन गोण्या. त्यांची मजुरी गेली आणि गावची रॉयल्टीही गेली. ती "खराब" पुडकी ट्रकात चढतात की नाही, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. पण लिहिलं कोणी? वही एकच, दिवाणजीची.

शाळेत करिअर मार्गदर्शनवाले येतात. बँक, कंपनी, पोलीस भरती सांगून जातात. भरतीची तयारी करणाऱ्याला मी नाही म्हणत नाही, धावा सकाळी. पण एका जागेसाठी किती पोरं धावतात ते मैदानावर जाऊन बघा. इकडे ग्रामसभेला मुनशी पाहिजे, फळीवर मोजणारा पाहिजे, रोजकीर्द लिहिणारा पाहिजे, जीआर वाचून दाखवणारा पाहिजे. ते काम आपण बाहेरच्याला देतो आणि मग तो खातो म्हणून रडतो.

एक बाबा आत्ता जेवताना म्हणाले, शिकलेला पोरगा उद्या तोच सावकार होईल तर? बाबा, तुमची भीती खोटी नाही. आमच्याच गावात हिशेब दाखवायला का-कू करणारे शिकलेले आहेत. म्हणून वही एकाच्या घरी राहायची नाही. लिहिणारे दोघे, त्यात एक मुलगी, आणि दर सभेत गोंडीत वाचून दाखवायचं. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, खात्यात किती. न वाचता सही नाही.

तर ठरवायचं असं. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते आणि तेंदूही तेव्हाच. नववी-दहावीची दोन पोरं प्रत्येक फळीवर बसतील. ओझं उचलायला नाही, लिहायला. घराचं नाव, आणलेली पुडकी, घेतलेली पुडकी, टाकलेली पुडकी आणि का टाकली. संध्याकाळी दिवाणजीच्या वहीशी मिळवायचं, दोन्हीकडे सही. त्यांना फुकट राबवायचं नाही, ग्रामसभेने ठराव करून मानधन द्यायचं.

आणि अकरावीला कोणी कॉमर्स घेत असेल तर घरच्यांनी अडवू नका, मुलींना तर मुळीच नाही. वसतिगृहाचा अर्ज निकाल लागल्याबरोबर भरा, जातीचा दाखला आत्तापासून काढून ठेवा. माझी जुनी पुस्तकं माझ्याकडे आहेत, कोपरे उंदरांनी खाल्लेत पण वाचता येतात. रोजकीर्दीची आखणी फळ्यावर काढली आहे. जेवण झालं की वह्या घेऊन पुढे या, आजच पहिलं पान लिहू.