सुईविना औषध : दिग्रस येथील वैद्यक परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण



अरुणावतीच्या खोऱ्यातील या कापूसपेठेत, घंटीबाबांच्या दिग्रस नगरीत, आपले स्वागत करण्याचा मान वैद्यकशास्त्राबाहेरच्या माझ्यासारख्या नागरिकास मिळाला, याबद्दल मी समितीचा ऋणी आहे.

नासामार्गे उपचार आपल्या मुलखाला अपरिचित नाहीत. वाग्भटाने नासिकेला मस्तकाचे द्वार मानले आणि नस्यकर्म पंचकर्मांत गणले गेले. अर्वाचीन काळी, ३ ऑगस्ट २००९ रोजी ज्या पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी नोंदला गेला, त्याच पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटने पुढच्याच वर्षी नाकात फवारण्याची ‘नेझोव्हॅक’ लस सिद्ध केली. तिच्यातील जिवंत परंतु दुर्बल विषाणू नाकाच्या थंडाव्यात वाढतो, फुप्फुसाच्या उबेत वाढत नाही. त्यामुळे शत्रू जेथून शिरतो त्या वेशीवरच पहारा बसतो.

परंतु माझ्या मते या विद्येची खरी निकड लसीकरणाच्या रांगेत नसून कोलामांच्या पोडावर आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावर आहे. तापाने फणफणलेल्या लेकराला झटके येतात, डोळे फिरतात, दातखीळ बसते. कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी दातांत चमचा खुपसतो, आणि या धावपळीत अमोल वेळ निघून जातो. झटका ५ मिनिटांहून लांबला की तो आपोआप थांबण्याची आशा कमी होते, मेंदूचा धोका वाढतो. आणि त्या आचके देणाऱ्या चिमुकल्या हातात शीर सापडणे निष्णातालाही दुष्कर! अशा वेळी मिडाझोलामचा फवारा, वजनाप्रमाणे मात्रा ठरवून, नाकपुडीत सोडला, तर श्लेष्मल त्वचेखालील रक्तवाहिन्यांच्या दाट जाळ्यातून औषध, जठर आणि यकृत यांचा फेरा चुकवून, सरळ रक्तात उतरते व बहुधा काही मिनिटांतच झटका शमतो.

या मार्गाच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. नाकात औषध थोडेच मावते, अधिक सोडलेले घशात उतरते. सर्दीने चोंदलेल्या नाकात ते नीट शोषले जात नाही. आणि मिडाझोलामने क्वचित श्वास मंदावतो, म्हणून मुलाला कुशीवर निजवून त्याच्या श्वासावर नजर ठेवणे व दवाखान्यात त्याची रवानगी करणे चुकत नाही. सर्पदंशावरील प्रतिविष तर आजही शिरेतूनच द्यावे लागते. तेव्हा सुईला रजा मिळाली, असा समज येथून कोणी घेऊन जाऊ नये.

माझी एकच कळकळीची विनंती आहे. मिडाझोलामचा हा फवारा प्रत्येक उपकेंद्रात आणि आश्रमशाळेत हजर राहील अशी तजवीज करण्याची शिफारस या परिषदेने ठराव करून सरकारदप्तरी पाठवावी. आणि ज्या मुलाला झटक्यांचा पूर्वेतिहास आहे, त्याच्या आईला आपण स्वतः समोर बसवून, तिच्या बोलीत, तो कधी व किती द्यावा हे तिच्या हाताला वळण पडेपर्यंत शिकवावे.